न विचारता बदललेला प्रोसेसर

पाचपैकी दोन चादरी दोरीवर गेल्या होत्या. तिसरीचं एक टोक मशीनवाल्या काकूंच्या हातात आणि दुसरं बादलीत, तेवढ्यात आतून धाकट्या दिराचा आवाज आला, "वहिनी, जरा एक मिनिट येता का?"

ज्या बाईने एका घरात बावीस वर्षं काढलीत, तिला अशा हाकेचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. दूध उतू गेलं तर हा दीर नुसताच "वहिनी!" म्हणून ओरडायचा. काच फुटली तर अवाक्षर काढायचा नाही, गुपचूप केरसुणी शोधायचा. "जरा एक मिनिट" म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं असायचं. काकूंनी चादर होती तशी बादलीत सोडली आणि ओल्या हातांनीच आत गेल्या.

खिडकीजवळ त्यांचं भरतकामाचं मशीन होतं, त्याला लागून टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा. डब्याची एक बाजू उघडी होती. दीर फरशीवर मांडी घालून बसला होता, मांडीवर स्क्रूड्रायव्हर, कपाळावर घाम. आतला पंखा गरगर फिरत होता, हिरवा दिवा लागला होता आणि पडदा मात्र काळा ठिक्कर.

"काय केलंत भाऊजी?"

"काही नाही. म्हणजे पंखा फिरतोय. दिवा लागतोय. फक्त स्क्रीनवर काही येत नाहीये."

"सकाळी येत होतं."

"सकाळी जुना प्रोसेसर होता ना."

काकूंनी हात पदराला पुसले, सावकाश, एकेक बोट. "आणि आता?"

"आता नवा आहे. तुम्ही नर्सिंग शाळेत मेट्रनबाईंकडे गेला होतात ना, तेवढ्यात जुना काढून दुकानात दिला आणि त्याच्या बदल्यात हा आणला. चौपट वेगाचा आहे वहिनी! तुम्हाला खूश करायचं होतं."

ह्या घरात कॉम्प्युटरला सगळे "घरातला जुना कॉम्प्युटर" म्हणत, तिथूनच खरं तर चूक सुरू होत होती. तो घरातला नव्हता, काकूंचा होता. अकरा वर्षांपूर्वी त्या ज्या कपड्यांच्या कारखान्यात कामाला होत्या तो बंद पडला, तेव्हा तिथलं एका सुईचं मशीन, त्याला जोडलेला हा डबा आणि नक्षी काढायचा प्रोग्राम, असं सगळं बिऱ्हाड त्यांनी विकत घेऊन हातगाडीवरून घरी आणलं. जाणाऱ्या फोरमनने आठ दिवस घरी येऊन शिकवलं. नवव्या दिवशी काकू एकट्या बसल्या आणि उठल्या तेव्हा कापडावर एक वाकडं फूल उमटलं होतं. तेव्हापासून शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे रुमाल, खेळाडूंच्या पाठीवरची अक्षरं, सगळं त्या खिडकीतून गेलं. चारशेच्या वर नक्ष्या त्या डब्यात होत्या. आणि डबा बदलणं शक्य नव्हतं, कारण प्रोग्रामला एक कुलूप होतं, बोटभर लांबीचं, जे डब्याच्या पाठीमागच्या रुंद खोबणीतच बसायचं. मशीनची तारसुद्धा तशाच दुसऱ्या खोबणीत. नव्या कॉम्प्युटरना तशी खोबण नसते, आणि ज्या कंपनीने कुलूप बनवलं तिचा आता मागमूसही नव्हता. डबा बंद म्हणजे मशीन बंद. एकेक टाका त्या तारेतूनच सुईपर्यंत यायचा.

एरवी तो रडतखडत का होईना चालत होता. पण ह्या वेळी काम मोठं होतं. नर्सिंग शाळेतल्या चौसष्ट मुलींचा सोमवारी शपथेचा दिवस होता, आणि प्रत्येकीच्या पांढऱ्या कॉलरवर दिव्याचं चिन्ह हवं होतं. मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, ज्योत नुसती पिवळी नको, खरी वाटली पाहिजे. काकूंनी पाच छटांची ज्योत आखली होती, तळाशी निळसर, टोकाला जवळजवळ पांढरी. त्या पाच छटांनी जुन्या प्रोसेसरच्या तोंडाला फेस आणला. एक टाका इकडचा तिकडे सरकवला की वीस मिनिटं पडद्यावर वाळूचं घड्याळ. त्या वीस मिनिटांत काकू भांडी घासून यायच्या, कपडे वाळत घालून यायच्या, सासूबाईंची औषधं द्यायच्या. वीस मिनिटं घर, दोन मिनिटं ज्योत, असे चार दिवस गेले होते आणि नक्षी आता शेवटच्या दोन छटांवर आली होती. त्याच सकाळी कागदावरचा नमुना बघून मेट्रनबाईंनी "हीच ज्योत!" म्हणून हात धरला होता. काकूंनीही सांगून टाकलं होतं, सोमवारी सकाळी आठला चौसष्ट कॉलर हजर. आज संध्याकाळी सुई चालू झाली असती तर हे वचन जेमतेम पाळता आलं असतं.

आणि कालच संध्याकाळी दीर म्हणाला होता, "वहिनी, ह्याचा मेंदूच बदलून टाकू." काकूंचं उत्तर सासूबाईंनीसुद्धा ऐकलं होतं. "सोमवारपर्यंत बोटसुद्धा लावू नका."

काकूंचा राग दोन तऱ्हेचा. पहिला भांड्यांचा, तो रोजचा, आमटीतल्या मिठासारखा, असला तरी कोणी बोलत नाही आणि नसला तर घराला चुकल्यासारखं होतं. दुसरा वर्षातून एखाद्या वेळचा. त्यात आवाज चढत नाही, उतरतो. "भाऊजी" म्हणताना प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू येतं. आणि हात, लोकांचे रागाने थरथरतात, ह्यांचे मात्र दगडासारखे स्थिर होतात.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "बाजू लावा. स्क्रू घट्ट करा. डबा उचला."

"कुठे?"

"जिथे माझा प्रोसेसर देऊन आलात तिथे."

पलीकडच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, चांगल्यासाठीच केलं ना त्याने? इतकं काय मनाला लावून घ्यायचं?"

"आई, उद्या मी चांगल्यासाठी तुमचे डोळे काढून शेजारच्या आजींचे बसवते. खोबणी सारख्याच आहेत."

सासूबाईंनी कूस बदलली. नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "शांत हो आधी." काकूंनी फोन ठेवला. ज्याचं काहीच बुडालेलं नसतं, त्याला शांततेचा फार पुळका असतो.

दुकान चालत पंधरा मिनिटांवर. दिराने रिक्षा बघू म्हटलं; काकू म्हणाल्या, धक्के बसतील, हातात धरून चला, तान्ह्या बाळासारखा. तो जुन्या चादरीत गुंडाळलेला डबा छातीशी धरून पुढे आणि त्या मागे, अशी वरात निघाली. कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानदाराने विचारलंच, "काय काकू, टीव्ही बिघडला वाटतं?"

"टीव्ही ठीक आहे. माणूस बिघडलाय. दुरुस्तीला नेतेय."

दीर हसला नाही. त्याने पायांकडे बघत गल्ली ओलांडली. तीस वर्षांचा, गोदामात नोंदी ठेवणारा, घरी आल्यावर जे दिसेल ते उघडून बघणारा माणूस. मिक्सर, इस्त्री, दाराची घंटा. मोठा भाऊ त्याला शास्त्रज्ञ म्हणायचा. दहांतल्या सात वस्तू नीट व्हायच्या, म्हणून उरलेल्या तिनांबद्दल घरात कोणी बोलायचं नाही. काकूही नाही. आज मागून चालताना त्यांना वाटत होतं, त्या तिनांबद्दल वेळीच बोलायला हवं होतं.

कॉम्प्युटरचं दुकान म्हणजे एक बोळच. काचेचा काउंटर, मागे फळीवर उघडे डबे, खुंट्यांवर तारांची जळमटं. दुकानदार जाड चष्म्याचा, तरुण. त्याने काकूंच्या डोक्यावरून दिराकडे बघितलं.

"काय दादा, चालला?"

"नाही चालला," काकू म्हणाल्या. "आणि मालकीण इथे उभी आहे. बोलायचं ते माझ्याशी."

"बरं मावशी." त्याने डबा उघडला, आत टॉर्च मारला, मान हलवली. "बसलाय तर व्यवस्थित. पिना, खोबण, सगळं बरोबर. हा खालचा मोठा बोर्ड कुठल्या व्हर्जनचा आहे?"

दीर म्हणाला, "मी कंपनीची यादी बघितली. ह्या बोर्डाच्या नावापुढे हा प्रोसेसर आहे. चालतो असं स्पष्ट लिहिलंय."

"नाव नाही विचारलं, व्हर्जन. कोपऱ्यात छापलेलं असतं."

तो कोपरा अकरा वर्षांच्या धुळीखाली होता. दीर वाकून बघू लागला, मोबाईलचा दिवा लावला, डोळे बारीक केले. काकूंनी त्याला खांद्याने बाजूला सारलं, पिशवीतून आपलं भिंग काढलं आणि पदराच्या टोकाने धूळ टिपली. मोहरीएवढी पांढरी अक्षरं दिसली.

"एक पूर्णांक शून्य."

दुकानदाराने आपल्या कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं आणि पडदा दोघांकडे फिरवला. "हे बघा. दादांनी यादी बघितली ती तीन पूर्णांक एकची. नाव तेच, रंग तोच, खोबण तीच. पण कंपनीने मधे बोर्ड दोनदा बदलला. तीनवाल्याला हा प्रोसेसर ओळखता येतो. तुमच्या एकवाल्याला येत नाही. शिवाय ह्याला वीजही जास्त लागते, ती हा बोर्ड पुरवू शकत नाही."

"शिकवता नाही येत त्याला?" दिराने विचारलं. "नवीन सॉफ्टवेअर टाकून?"

"एकवाल्यासाठी कंपनीने तसं काही काढलंच नाही. आता काढणारही नाही."

काकूंनी भिंग मिटलं. "म्हणजे पाहुणा दारातून आत आला, खुर्चीत मावला, पण घरात कोणाला त्याची भाषा येत नाही. आणि त्याचं जेवण ह्या घराला झेपत नाही."

"अगदी बरोबर मावशी!" दुकानदार खूश झाला.

"खूश होऊ नका. सकाळी विकताना हे का नाही सांगितलंत?"

"दादांनी विचारलं, ह्या खोबणीचा प्रोसेसर आहे का. मी म्हटलं आहे."

"वा! ह्यांनी मला विचारलं नाही. तुम्ही ह्यांना विचारलं नाही. कंपनीने तर नाव तेच ठेवून आतलं सगळं बदललं आणि कोणालाच सांगितलं नाही. जगातले सगळे न विचारणारे माझ्याच एका डब्यात कसे हो जमले?"

दुकानदाराने चष्मा पुसला. "मावशी, खरं सांगू? हा डबा आता एखाद्या संग्रहालयात द्या. नवा घ्या. मी लावून देतो."

काकूंनी डबा फिरवून त्याची पाठ दाखवली. रुंद खोबणीत कुलूप तसंच होतं. "ह्यात हे बसेल असा नवा दाखवा. आत्ता घेते."

त्याने कुलूप बघितलं आणि नव्या डब्याचा विषय सोडून दिला. धंदा माहीत असलेल्या माणसाला एवढं पुरतं.

"माझा जुना काढा," काकू म्हणाल्या.

जुना काढा म्हणणं सोपं होतं. दुकानदाराने काउंटरखालून एक पत्र्याचा डबा ओढला आणि झाकण उघडलं. आत पन्नास-साठ प्रोसेसर, खडे टाकावेत तसे एकमेकांवर टाकलेले. दर शनिवारी भंगारवाला येऊन ते वजनावर नेत असे. "ह्यातलाच एखादा. आता कुठला ते..."

"ह्यातलाच एखादा?" काकूंचा आवाज आणखी एक पायरी उतरला. "दवाखान्यात आई आपलं मूल मागायला गेली तर असंच सांगाल? ह्यातलंच एखादं?"

दिराने तोंड उघडलं, पण त्याला नंबर आठवत नव्हता. त्याने सकाळी तो टिपूनही ठेवला नव्हता. नवा हातात आल्यावर जुन्याचं काय करायचं, असा त्याचा हिशेब. नंबर काकूंनी सांगितला. रोज सकाळी देवाला हात जोडून झालं की त्या कॉम्प्युटर लावायच्या, आणि पडदा उजळायच्या आधी काळ्यावर पांढऱ्या ओळी यायच्या. तिसऱ्या ओळीत त्याचं नाव. घरातल्या कोणाचा फोन नंबर त्यांना पाठ नव्हता, पण हा आकडा अकरा वर्षं रोज वाचून नामस्मरणासारखा जिभेवर बसला होता. दोन अक्षरं, चार आकडे, शेवटी एक प्लस.

दुकानदार एकेक तुकडा उचलून कापसाने पुसू लागला. पंख्याखाली गारव्यासाठी लावलेलं, वाळलेलं करडं मलम निघालं की खालचा नंबर दिसायचा. काकू "नाही", "नाही" म्हणत राहिल्या. एकतिसावा तो निघाला.

त्याने तो उलटा केला आणि टाळूला जीभ लावून चक् केलं. खालच्या बाजूला नऊशेच्या वर पिना, केसांसारख्या बारीक. एका कोपऱ्यातल्या सहा वाकल्या होत्या, त्यांतली एक जवळजवळ आडवी झोपली होती.

"गेला," तो म्हणाला. "आता हा खोबणीत जाणार नाही. मी सरळ करायला जाणार नाही मावशी. मोडली तर तुम्ही मलाच धराल."

"मी करतो," दीर पुढे झाला.

"तुम्ही डबा धरा, भाऊजी. तेवढंच तुम्हाला आज जमलंय."

काकूंनी स्टूल ओढलं. काउंटरवर पांढरा रुमाल पसरला, त्यावर प्रोसेसर ठेवला, पिना वर करून. पिशवीतल्या सुयांच्या पाकिटातून सगळ्यात बारीक सुई काढली. भिंगातून बघितलं तेव्हा त्यांना ते कापडासारखं दिसलं, उभ्या ओळी, आडव्या ओळी, आणि एका कोपऱ्यात खेचलेले धागे. खेचलेला धागा जागेवर बसवताना त्या जशा करायच्या तसंच त्यांनी केलं. सुई ओळीच्या मधून आडवी सरकवायची, जोर लावायचा नाही, नुसतं टेकवायचं, मग परत काढून दुसऱ्या बाजूने टेकवायचं. पहिली पीन उभी राहिली. दुसरी. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, ती थांबली. एकाने काहीतरी विचारलं, दुकानदाराने त्याला हाताने गप्प केलं.

आडवी पडलेली पीन त्यांनी शेवटी घेतली. ती एका दमात उचलली असती तर मुळातूनच तुटली असती. रागाच्या भरात देवाचं नाव घेऊ नये म्हणतात, पण काकूंनी घेतलं, चांगलं रागातच घेतलं. ज्याचं रोज घेतो तो एवढ्याने रुसत नाही. केसभर उचलायची, थांबायचं. परत केसभर. अर्धा तास त्या एका पिनेला लागला. शेवटी त्यांनी भिंग सगळ्या ओळींवरून फिरवलं आणि सुई पाकिटात परत खोचली.

"बसवा," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "दाबू नका. आपोआप गेला तर जाऊ द्या."

तो आपोआप गेला. नवं मलम लावलं, पंखा बसवला, बटण दाबलं. एक छोटी शिट्टी झाली, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उमटल्या, आणि तिसऱ्या ओळीत दोन अक्षरं, चार आकडे, एक प्लस. काकूंनी नक्षी उघडून बघितली. ज्योत होती तिथेच होती, तीन छटा होऊन थांबलेली.

"मावशी, माझ्याकडे कामाला येता?" दुकानदार म्हणाला. त्याला खरंच म्हणायचं होतं.

"आधी गिऱ्हाइकाला व्हर्जन विचारायला शिका. मग बघू."

नवा प्रोसेसर तो परत घेईना. वापरलेला माल, म्हणाला. काकू म्हणाल्या, "तो भाऊजींचा आहे. त्यांचं नि तुमचं काय ते बघा." दिराने तो खिशात टाकला.

बाहेर ऊन उतरलं होतं. फूटपाथवर दीर थांबला. "वहिनी, माफ करा. पण मी खरंच... तुम्ही दर वीस मिनिटांनी उठता, बसता, ते बघवत नव्हतं. वाटलं, एवढं तरी आपण करावं."

काकू त्याच्याकडे वळल्या. राग संपला नव्हता. इतका वेळ तो हाताच्या कामात गुंतला होता, आता मोकळा झाला.

"बघवत नव्हतं तर भांडी घासायची होती. औषधं द्यायची होती. मी नाही म्हटलं असतं का? नाही. पण ते तुम्हाला दिसलं नाही. तुम्हाला दिसला डबा. तुमच्या गोदामातल्या नोंदवहीची पानं मी न विचारता फाडून नवी लावली तर तुम्ही काय म्हणाल? तुमच्या कामाला घरातले सगळे काम म्हणतात. माझ्या कामाला घरातला जुना कॉम्प्युटर म्हणतात. अकरा वर्षं मी त्याच्यावर घर चालवतेय, आणि अजून तुम्हाला तो रिकामटेकडा वाटतो, कोणीही उघडावा असा. चुकलात म्हणून नाही रागावले मी. चुकतं माणसाचं. मी नको म्हटलं होतं. माझं नको म्हणजे तुम्ही काय समजलात, लाजणं?"

चादरीत गुंडाळलेला डबा दिराने दुसऱ्या हातावर घेतला.

काकूंनी मनात हिशेब मांडला. शुक्रवारची दुपार गेली होती, संध्याकाळ तोंडावर आली होती. राहिलेल्या दोन छटा वाळूच्या घड्याळाच्या चालीने उद्या दुपारपर्यंत आखून होतील. मग एका सुईने, प्रत्येक रंगाला धागा हाताने बदलत, पाच छटांच्या चौसष्ट ज्योती रविवारपर्यंत होणं शक्य नव्हतं. झोपून काय, न झोपून काय. आखून झालेल्या छटांतल्या दोनच घेतल्या तर ज्योत मात्र झाली असती, पिवळी आणि तांबूस. ती वाईट दिसणार नव्हती. पण सकाळी मेट्रनबाईंनी ज्या ज्योतीवर बोट ठेवून हात धरला होता, ती ही नव्हती. मुलींना फरक कळणार नाही, असं दीर हळूच म्हणाला.

"मला कळेल," काकू म्हणाल्या. "आणि त्यांनाही. चौसष्ट जणींना मेट्रनबाईंनी सांगून ठेवलंय."

त्यांनी त्याच्या हातातल्या चादरीची गाठ पुन्हा एकदा आवळली.

"सरळ घरी जा. वाटेत कुठे टेकवू नका. खोबणीत तार लावू नका, बटण दाबू नका, आईंनी सांगितलं तरी दाबू नका. मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"तुम्ही कुठे चाललात?"

"नर्सिंग शाळेत. ज्योत दोनच रंगांची होईल, हे मेट्रनबाईंना तोंडावर सांगायला."